बिनकामाची सायकल

डिसेंबर लागला की नागपूरच्या माणसाच्या अंगात वारं शिरतं. आठ महिने उन्हाला आणि दोन महिने चिखलाला शिव्या देत घरात दडलेली मंडळी मफलर गुंडाळून बाहेर पडतात आणि कार्यक्रम आखायला लागतात. कुणाचा हुरडा, कुणाचं रामटेक, कुणाची संत्र्याच्या बागेत पंगत. कार्यक्रम करायला माझी ना नाही. मला तिटकारा आहे तो आखण्याचा. चार माणसं, एक कागद आणि "आपण असं करू ना" हे वाक्य, एवढं एका खोलीत जमलं की मी चपला शोधायला लागतो.

परवा चपला शोधून उपयोग नव्हता, कारण मंडळी माझ्याच घरी आली होती. खालच्या मजल्यावरचा नीरज आणि त्याचे दोन मित्र. तिघेही पस्तिशीतले, पोटं मात्र पन्नाशीची. सोळा जणांनी मिळून सातपुड्यात चार दिवस डोंगरवाटांवर सायकली चालवायच्या, जाड टायरच्या आणि गिअरच्या, असा बेत होता. "काका, तुम्ही त्या काळी बिनगिअरच्या सायकलीनं केलं होतं म्हणे. आम्हाला थोडं मार्गदर्शन करा." मार्गदर्शन मागायला येणाऱ्याला मार्गदर्शन नको असतं, त्याला आपला तक्ता कुणाला तरी दाखवायचा असतो. नीरजनं फोनवर तो दाखवला. तीन रकाने. नवशिके, मध्यम, पट्टीचे. पट्टीच्यांत पहिलं नाव नीरजचं. तक्ता करणाऱ्याचं नाव पट्टीच्यांत नसेल तर त्यानं तक्ता करावाच कशाला? हा पट्टीचा गडी आमच्या तळघरातल्या पार्किंगमधून वर येताना उतरून सायकल ढकलत आणतो, हे मी गॅलरीतून रोज बघतो. पण घरी आलेला माणूस. मी मान डोलावली.

तक्त्याखाली सामानाची यादी होती. पंप, जादा ट्यूब, मलमपट्टी, केळी. आणि शेवटी, पिकअप गाडी एक, ड्रायव्हरसह.

"ड्रायव्हरचं नाव काय?" मी विचारलं.

"कोणत्या ड्रायव्हरचं, काका?"

मी त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. रागावण्याचा मला अधिकार नव्हता. अशी एक यादी मी स्वतः टाइप केलेली आहे आणि माझ्या यादीत तर गाडीही नव्हती.

सत्तरच्या दशकाची सुरुवात असेल. सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कार्यालयात मी तात्पुरता कारकून होतो आणि वाडीला भाड्याच्या खोलीत राहायचो. वाडीला तेव्हाही ट्रक आणि गोदामंच होती, फक्त दोन गोदामांच्या मध्ये एखादं तुरीचं शेत शिल्लक असे. हिवाळ्यात सकाळी खोलीचं दार उघडलं की आधी डिझेलचा वास यायचा, मग ओल्या तणसाचा आणि त्याच्या खालून संत्र्याचा. अमरावती रोडनं रात्रभर संत्र्यांचे ट्रक गेलेले असत. टोपल्यांतून निसटलेली फळं रस्त्यावर चिरडून पडलेली असायची आणि सायकलचं चाक त्यावरून गेलं की तो वास थेट ऑफिसपर्यंत सोबत यायचा. हँडल इतकं गार असे की बोटं कुठं संपतात आणि लोखंड कुठं सुरू होतं ते कळत नसे. धुक्यातून ट्रकचे दिवे पिवळे, मवाळ दिसायचे. ट्रक मात्र मवाळ नसायचे.

त्या रस्त्यानं मी एकटा जात नसे. दोन खोल्या सोडून श्रावण मेश्राम राहायचा, आमच्याच ऑफिसचा डाक-चपराशी. माझ्याच वयाचा, सत्तावीस-अठ्ठावीसचा. छप्पन साली, दीक्षेच्या दिवशी, त्याचा बाप घरच्या सगळ्यांना कामठीहून पायी घेऊन आला होता, ते त्याला लख्ख आठवत होतं. "परत जाताना माह्या पायाले फोड आले," तो सांगायचा, "पण बाप म्हणे, आता रडाचं नाई." पुढं तो शिकला, मॅट्रिक झाला, आणि मॅट्रिक होऊन चपराशी झाला. ऑफिसनं त्याला एक काळी सायकल दिली होती. मडगार्डवर पांढऱ्या रंगानं क्रमांक घातलेली, हातात उचलली तर कळ येईल इतकी जड. ती घेऊन तो वाडीहून सिव्हिल लाइन्स, तिथून सदर, गांधीबाग, परत सिव्हिल लाइन्स, आणि संध्याकाळी वाडी. दिवसाचे तीस मैल व्हायचे. ऑफिसातल्या कुणाला हे माहीत नव्हतं. डाक पोहोचते, एवढंच माहीत होतं.

मी काटोलकडच्या खेड्यातला. बैलगाडी हाकायला शिकलो होतो, सायकल उशिरा हाती आली. फुटाळा तलावाच्या वरच्या चढावर मी रोज उतरायचो. श्रावण पुढं गेलेला परत यायचा आणि माझ्या बाजूनं हळूहळू चालवत राहायचा.

"वर काहून पाहून राहिला गा?" तो म्हणायचा. "वर पाहिलं का पाय गळते. चाकापुढची चार हात जागा पाह. तेवढीच चढ. मंग पुढची चार हात."

महिनाभरात मी न उतरता वर गेलो. मला झालेला आनंद सांगायला नको. त्याला झालेला आनंद पाहून मात्र मी थोडा ओशाळलो, कारण तो माझ्यापेक्षा जास्त होता. वर थांबून आम्ही रस्त्यातलं एक न चिरडलेलं संत्रं अर्धं-अर्धं खाल्लं. तेव्हा तो म्हणाला, "मले एकदा बिनकामाची सायकल चालवाची हाये गा."

"म्हणजे?"

"सकाळी निंगालो का काम. वापस निंगालो का पोटाचं काम. ह्या सीटवर बसून मी असाच कुठी गेलो नाई आजपर्यंत. मांगं डाक नाई, पिशवी नाई, कोणाले काही द्याचं नाई. नुसती चालवाची."

त्याच्या तोंडची मी ऐकलेली एकुलती एक इच्छा. घर, बढती, लग्न यांबद्दल तो बोलत नसे. बाकी सगळं त्यानं आपलं आपण मिळवलं असतं, हे मात्र त्याला कुणीतरी द्यावं लागणार होतं. द्यायचं म्हणजे किमान चार मोकळे दिवस, आणि मागे डाक नाही असा रस्ता.

आणि नेमका त्याच हिवाळ्यात आमच्या बडेबाबूंना सायकल-सहलीचा झटका आला.

बडेबाबू म्हणजे हेडक्लार्क, पांढरीपांडे. मेहुण्याच्या मोटारीतून पचमढीला जाऊन आले आणि मोटारीच्या काचेतून त्यांना कुणी सायकलवाला घाट चढताना दिसला. माणसाला काचेतून जे दिसतं ते फार सोपं दिसतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं की स्टाफची प्रकृती बसून बसून बिघडत चालली आहे, सबब नागपूर ते पचमढी सायकलनं जायचं. सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया, पचमढी. चार दिवस. समिती नेमली गेली. टाइप करता येतं म्हणून मी सचिव.

मी तितक्या बैठका पुढच्या तीस वर्षांच्या नोकरीत पाहिल्या नाहीत. रोज दीड वाजता डबे मिटले की समिती बसायची. अजेंडा असायचा. मागच्या बैठकीचं इतिवृत्त कायम व्हायचं. भिंतीवर जिल्ह्यांचा नकाशा टांगून बडेबाबू सुतळीनं अंतर मोजायचे, नागपूरहून सौंसर एक वीत, सौंसरहून छिंदवाडा एक वीत. मधे सिल्लेवानीचा घाट आहे हे मी सांगून पाहिलं. त्यांनी सुतळी परत लावली आणि ती पहिल्याइतकीच भरली. सुतळीला चढ कळत नाही आणि बडेबाबूंना सुतळीपलीकडचं. कंदिलाच्या वातीवर एक अख्खी बैठक झाली. पंक्चरचं सोल्युशन कुणाच्या खिशात राहील यावर दुसरी. सायकल कुणाला किती चालवता येते यावर मात्र कुणी बोलेना. कारण सगळ्यांना येतच होती, असं प्रत्येकाचं स्वतःविषयी मत होतं.

कॅशिअर ठवकर त्याच दिवाळीत सायकल शिकले होते. त्यांना चढायला दगड लागायचा आणि उतरायला भिंत. तेही सदस्य. आणखी दोघं सकाळचं दूध आणायला जाण्यापलीकडे सायकलवर बसले नव्हते. तिघं बरे होते. एक जण उतारावर डोळे मिटायचा, हे आम्हाला पुढं कळलं. अशी दहा माणसं. मी धीर करून म्हटलं की सगळ्यांची चाल सारखी नाही, तेव्हा वर्ग पाडू. कच्चे, बरे आणि पक्के. कच्च्यांनी पहाटे आधी निघावं, पक्क्यांनी मागून. बडेबाबूंना वर्ग पाडायची कल्पना बेहद्द आवडली. कार्यालयीन माणसाला कुणालाही वर्गात टाकायला आवडतंच. पक्के अ, बरे ब, कच्चे क असं ठरलं आणि एका रविवारी सेमिनरी हिलच्या चढावर परीक्षा ठेवली गेली.

बडेबाबू परीक्षक असल्यामुळं त्यांना परीक्षा नव्हती. ते वर आधीच पोचले होते, सायकलरिक्षानं. बिचारा रिक्षावाला उतरून ओढत होता आणि हे त्याला "अरे, दम ठेव" म्हणत होते. खालून आम्ही सुटलो. नऊ जणांतले चौघं निम्म्या चढापर्यंत जमिनीवर आले. ठवकर तर सुटलेच नाहीत, त्यांना दगड सापडला नाही. मी चाकापुढची चार हात जागा बघत वर गेलो. माझ्या आधी श्रावण वर पोचलेला होता. तो परीक्षेला बसलेला नव्हता. बडेबाबूंसाठी घडीच्या दोन खुर्च्या आणि चहाचा थर्मास वर न्यायला त्याला सांगितलं होतं, ते कॅरिअरला बांधून तो आला होता.

त्या संध्याकाळी वाडीला जाताना मी त्याला म्हणालो, "श्रावण, यादी माझ्या हातात आहे. अ वर्गात पहिलं नाव तुझं. सदस्य म्हणून. सामान ज्याचं त्यानं न्यायचं. तू फक्त चालवायची."

मग त्यानं हँडलवरचा एक हात सोडला, थंडीनं गारठलेला तो हात बगलेत घातला आणि एका हातानं चालवत म्हणाला, "बिनकामाची?"

"बिनकामाची."

यादी मी खरंच तशी टाइप केली. अ वर्ग, क्रमांक एक, श्री. श्रावण मेश्राम. त्याच्या नावापुढं श्री. लागलेलं मी पहिल्यांदा पाहत होतो, आणि टाइपरायटरवर तेवढी अक्षरं उमटवायला मला स्वतःचाच अभिमान वाटला. अभिमान फार टिकत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बडेबाबूंनी बोलावलं.

"बोंद्रे, हे काय करून राहिले तुम्ही?"

"परीक्षेप्रमाणे लावलं, बडेबाबू."

"परीक्षा आपल्या जागी. ठवकरांची सोळा वर्षं सर्व्हिस झाली, त्यांना तुम्ही क वर्गात टाकता? उद्या ते तोंड कुठं दाखवतील? ज्येष्ठता यादी काढा. त्याप्रमाणे लावा. पुढं मी, मग ठवकर, मग बाकीचे आपापल्या सर्व्हिसप्रमाणे. रस्त्यानंही तसंच चालायचं, म्हणजे गोंधळ नाही."

सायकली सेवाज्येष्ठतेनं चालवायच्या. जगात ही चूक करणारी माणसं फक्त आमच्या ऑफिसात असतील, असं मला तेव्हा वाटलं. पुढं बाकीची ऑफिसं पाहिली आणि मत बदललं.

"आणि मेश्रामचं?" मी विचारलं. आवाज जरा खाली गेला असावा.

बडेबाबू विचारात पडले. ते दुष्ट नव्हते. दुष्ट माणसाला विचार करावा लागत नाही. त्यांनी चष्मा पुसला आणि खरी अडचण सांगावी तसं सांगितलं. "चतुर्थ श्रेणीची ज्येष्ठता यादी वेगळी असते. दोन याद्या एकत्र लावता येत नाहीत, तसा नियमच नाही. याला कुठं बसवाल? पण त्याची इच्छा आहे ना यायची? येऊ द्या. ऑफिसची सायकल गावाबाहेर न्यायला तो कामावर आहे असं दाखवावं लागेल, ते मी करतो. त्याची रजाही वाचेल. त्याला सामानात टाका."

माझी नोकरी मार्चमध्ये कायम व्हायची होती आणि तो कागद याच टेबलावरून जाणार होता. हे कारण मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो आहे. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला मार्च आठवलाही नव्हता. मी नुसता "बरं" म्हणालो. शेपूट घालायला आमच्यासारख्यांना कारण लागत नाही, कारण नंतर शोधता येतं. जागेवर येऊन मी नवा कागद चढवला. ज्येष्ठतेप्रमाणे दहा नावं. मग नियम. सातवा नियम असा की कनिष्ठानं वरिष्ठाच्या पुढं सायकल काढू नये. मग सामान. पंप दोन, कंदील दोन, स्टोव्ह एक, बादली एक, चपराशी एक.

परिपत्रकावर सगळ्यांच्या सह्या घेत टेबलाटेबलांवर फिरवायचं काम श्रावणचंच. तो माझ्याकडं सगळ्यात शेवटी आला. कागद माझ्यापुढं ठेवून त्यानं शेवटच्या ओळीवर बोट टेकवलं.

"हा चपराशी एक म्हंजे मीच ना गा?"

"हो."

"कामावर दाखवलं म्हणे मले."

"बडेबाबू म्हणाले, रजा वाचेल तुझी."

"हाव, वाचन." त्याचं बोट अजून त्या ओळीवरच होतं. मी शाईच्या दौतीकडं बघत होतो. "तू काई म्हटलं नाई का त्याइले?"

मी सही केली आणि कागद त्याच्याकडं सरकवला. तो म्हणाला, "येतो मी. घाट त पाहाले भेटन." एवढंच. संध्याकाळी रोजच्यासारखा माझ्यासाठी फाटकाशी थांबला. मला हेच सगळ्यात अवघड गेलं. त्यानं भांडण केलं असतं तर मी बडेबाबूंवर ढकलून मोकळा झालो असतो.

निघालो तो दिवस मला आजही हिवाळ्याच्या वासात सापडतो. सावनेरच्या पुढं धुकं इतकं खाली होतं की तुरीचे शेंडे तेवढे वर तरंगत होते. कापसाच्या गाड्या जिनिंगकडं चालल्या होत्या, बैलांच्या नाकपुड्यांतून वाफ निघत होती, गाडीवाले घोंगडीतून नुसते डोळे काढून आमच्याकडं बघत होते. बघण्यासारखंच होतं. पुढं बडेबाबू, कानटोपी, मफलर, पायजम्याला क्लिपा. मागं आम्ही, सर्व्हिसप्रमाणे. बडेबाबूंचा वेग बैलगाडीहून किंचित जास्त, कधी किंचित कमी. सायकल हळू चालवणं जोरात चालवण्यापेक्षा कठीण असतं, हे ठवकरांनी तीनदा आडवं होऊन सिद्ध केलं. ते पडले की मागचे सगळे ब्रेक दाबायचे, दोघं तिघं एकमेकांवर चढायचे. एका गाडीवाल्यानं विचारलं, "वरात हाये का गा?" सगळ्यात मागं श्रावण होता. पुढच्या दांडीला बादली, कॅरिअरवर बडेबाबूंचा होल्डॉल, त्यावर स्टोव्ह आणि भांड्यांचं पोतं. दर खड्ड्याला ती भांडी वाजायची. दोन दिवस तो आवाज माझ्या पाठीमागं होता. सर्व्हिसमध्ये सगळ्यात कनिष्ठ मी, म्हणून त्याच्या लगेच पुढं मीच.

मी एकदाही "बादली इकडं दे" म्हटलं नाही. म्हणायला कोणताही नियम आड येत नव्हता.

पचमढीला आम्ही गेलो नाही. छिंदवाड्याला पोचेपर्यंत सगळ्यांच्या बैठकीची साल निघाली होती, आणि समितीनं तातडीची बैठक भरवून हवामानाचं कारण नोंदवलं. आभाळ निळंशार होतं. छोट्या लाईनच्या आगगाडीत सायकली टाकून आम्ही परत आलो. तरीही ऑफिसात हारतुरे झाले, कारण तेही आधीच आखलेले होते. वृत्तांत मी लिहिला. "मजल दरमजल", "निसर्गाच्या कुशीत", "बडेबाबूंच्या समर्थ नेतृत्वाखाली". असलं मराठी मी पोटासाठी अनेकदा लिहिलं, पण इतकं मन लावून तेव्हाच. त्याच वृत्तांताच्या जोरावर मी आयुष्यभर सातपुडा सायकलनं पार केलेला माणूस म्हणून मिरवलो. मार्चमध्ये कायम झालो, वाडीची खोली सोडली, ऑफिसजवळ धरमपेठेत राहायला गेलो. सायकल हळूहळू सुटली. श्रावणची डाक चालू राहिली. ऑफिसात भेटलो की तो हसायचा, घरचं विचारायचा. मीही विचारायचो.

वृत्तांतात एक पाऊण तास नाही. दुसऱ्या दिवशी दुपारचा, सिल्लेवानीच्या घाटातला.

पहिल्याच वळणावर बडेबाबू उतरले. सातव्या नियमानं त्यांच्या मागचे सगळे उतरले. तीन जण सहज चढू शकले असते, मीही. पण वरिष्ठ ढकलत असताना कनिष्ठानं चालवायची कशी? तेव्हा दहा धडधाकट माणसं आपल्या सायकली म्हशीसारख्या हाकत घाट चढली. दोन्ही बाजूंना साग. मोठाली पानं कडेनं करपलेली, मधूनच एखादं खडखड करत खाली येई. उन्हात त्या पानांचा आणि तापल्या डांबराचा वास. मागून भांड्यांचा आवाज येत होता. लादलेली सायकल ढकलणं चालवण्यापेक्षा जड, पण श्रावणलाही ढकलावीच लागली. त्याचा तर क्रमांकच नव्हता.

वर सपाटीला कठडा होता. तिथून आम्ही चढून आलेली वळणं खालपर्यंत दिसत होती. बडेबाबू होल्डॉलवर बसले आणि म्हणाले, चहा. श्रावणनं एकेक दोरी सोडली. बादली काढली, पोतं काढलं, दगडांच्या आडोशाला स्टोव्ह पेटवला. सगळ्यांना चहा दिला. स्वतः उभ्याउभ्या घेतला. मग सायकलकडं गेला. ती आता रिकामी होती. त्यानं कॅरिअरच्या पट्टीवरून एकदा हात फिरवला, उरलेली दोरी काढून कठड्यावर ठेवली आणि बडेबाबूंना म्हणाला, "बाबूजी, मी येतोच."

"लवकर ये. कपबशा आवरायच्या आहेत," बडेबाबू संत्रं सोलत म्हणाले.

तो सायकलवर बसला आणि आलो त्याच रस्त्यानं खाली सुटला. मडगार्डचा खडखडाट पहिल्या वळणापर्यंत ऐकू आला. मी कठड्याशी गेलो. दुसऱ्या वळणावर तो दिसला, तिसऱ्यावर दिसला, अंग एका बाजूला झुकवून, ब्रेक न लावता, शर्ट पाठीवर फुगलेला. मग झाडांत गेला. बराच वेळ काही नाही. ठवकर माझ्याजवळ आले. "काहून गेला असन हा? स्टोव्हची पिन पडली का?" कुणाचं काय पडलं यावर दोघंतिघं आपापल्या पिशव्या चाचपू लागले.

मग तो खाली, अगदी पायथ्याशी, वर येताना दिसला. ठिपक्याएवढा. बसून चालवत होता, घाई नव्हती. पहिलं वळण. दुसरं. तिसऱ्या वळणावर चढ अंगावर येतो, तिथं तो पायडलवर उभा राहिला आणि ती जड काळी सायकल त्याच्याखाली डावीउजवीकडं डोलायला लागली. त्याची नजर खाली होती, चाकापुढच्या चार हातांवर. आम्ही ढकलत चढलेली एकेक जागा तो चालवत चढत होता आणि त्याच्या मागं काहीही बांधलेलं नव्हतं. कठड्याशी आता सगळे जमले होते. मला रडू आलं होतं, हे मी आज पहिल्यांदाच लिहितो आहे.

तो वर आला. लगेच उतरला नाही. सपाटीवर स्टोव्हभोवती, होल्डॉलभोवती एक मोठी फेरी मारली, मग अजून एक, आणि मग उतरला. घामानं भिजला होता. चेहरा मी फुटाळ्याच्या चढावर पाहिला होता तसाच होता.

"खाली काही राहिलं होतं का?" बडेबाबूंनी विचारलं.

"नाई, बाबूजी."

"मग कशाला गेला होता?"

"असाच गेलो होतो."

बडेबाबूंना राग आला नाही. त्यांना खरोखरच कळलं नाही. ते माझ्याकडं वळले, सचिवाकडं वळावं तसे. "बोंद्रे, तुमच्या वाडीचा ना हा? असा काहून करून राहिला?"

त्या सपाटीवर उत्तर माहीत असलेला माणूस मी एकटा होतो. एका वाक्याचं उत्तर होतं.

"काय माहीत, बडेबाबू," मी म्हणालो.

श्रावण कपबशा गोळा करत माझ्यापर्यंत आला होता. त्यानं ते ऐकलं. त्यानं हात पुढं केला, आणि मी माझी उष्टी कपबशी त्याच्या हातात दिली.